वाचनालयाचा माणूस

१

वर्षाराणी वडवणीच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून लागली त्याला चौदा वर्षं झाली होती. त्यातल्या शेवटच्या तीन वर्षांत तिचा एकही शुक्रवार चुकला नव्हता. शुक्रवारी ती घरपोच पुस्तकांच्या फेरीला निघायची. ज्यांना वाचनालयात येणं जमत नाही अशी अकरा घरं तिच्या यादीत होती. दोघं अंथरुणाला खिळलेले, तिघं म्हातारे, आणि बाकीच्या सुना, ज्यांना तासभर घराबाहेर पडायचं तर घरातल्या सगळ्यांना सांगून निघावं लागतं. स्कूटीच्या हुकाला द्यायच्या पुस्तकांची पिशवी, पायापाशी घ्यायच्या पुस्तकांची. एक वाजता निघायचं, चारच्या आत परत यायचं आणि संध्याकाळच्या वाचकांसाठी दार उघडायचं.

छबुबाईचं घर यादीत शेवटचं. गाव संपून मेंढरांचे वाडे सुरू होतात तिथं. छबुबाई सत्तरीची. तिची मुलं मेंढरं घेऊन आठ महिने रानात असायची. बावन्नाव्या वर्षी ती साक्षरता वर्गात अक्षरं शिकली होती आणि तेव्हापासून बोट ठेवून, ओठ हलवत, महिन्याला दोन पुस्तकं संपवत होती. वर्षाराणीला सगळ्या वाचकांत तीच जास्त आवडायची.

फेब्रुवारीतल्या त्या शुक्रवारी वर्षाराणीनं दारात स्कूटी लावली, तेव्हा छबुबाई ओट्यावर बसलेली होती. मांडीवर एक पुस्तक होतं.

"आता कावून आलीस परत?" छबुबाईनं विचारलं.

"परत कुठं मावशी? आत्ताच येतेय."

"दुपारी देऊन गेलीस की हे. म्या पाणी आनलं तर घेतलं न्हाई. बोलली बी न्हाईस. दाराच्या भायेरूनच हात पुढं केलास."

वर्षाराणी हसली. उन्हानं म्हातारीला भ्रम झाला असावा असं तिला वाटलं. मग तिनं पुस्तक हातात घेतलं.

काथ्या रंगाच्या कापडी बांधणीचं, पातळसं पुस्तक. बाहेर नाव नाही. आत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत काहीच छापलेलं नव्हतं, सगळी पानं कोरी. पण पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवलेली होती. पिवळी पडलेली, चारी बाजूंनी वेलबुट्टीची चौकट. वर वाचनालयाचं जुनं, लांबलचक नाव आणि खाली मजकूर:

'हे पुस्तक वाचनालयाचा माणूस दारी येऊन हातात देईल, व पुढील शुक्रवारी हातातूनच परत घेईल.'

त्याखाली तीन रकाने. नाव, दिले, घेतले. सात-आठ ओळी तपकिरी शाईत भरलेल्या, अनोळखी नावांच्या, दोन्ही तारखांसकट. सगळ्यात खालची ओळ निळ्या शाईची होती. छबुबाईचं नाव आणि आजची तारीख. ती अक्षरं लिहिलेली वाटत नव्हती. कुणीतरी समोर बघून चित्रासारखी काढलेली वाटत होती, आधी लांब रेघ ओढून मग तिला खाली एकेक अक्षर लटकवल्यासारखी.

"हे मी घेऊन जाते मावशी. कुणीतरी चेष्टा केलीय."

छबुबाईनं पुस्तक तिच्या हातातून काढून पुन्हा मांडीवर ठेवलं. "पुढल्या शुक्रवारी नेशील ना. लिवलंय की यात. मला वाचाया येतं बाई."

पुस्तकात वाचायला काही नव्हतंच. तरी वर्षाराणीनं वाद घातला नाही. चिठ्ठीचा मोबाईलवर फोटो काढून ती निघाली.

२

वाचनालयाला नव्वद वर्षं होत होती आणि अध्यक्ष शिवशंकररावांना स्मरणिका काढायची होती. स्मरणिकेतला इतिहास वर्षाराणीनं लिहायचा होता. महिनाभर ती जुनी कपाटं उपसत होती. इतिहास लिहायला कागदपत्रं फारशी नव्हती, पण पुस्तकांच्या आतल्या चिठ्ठ्या होत्या, आणि त्या एकापुढे एक मांडल्या की सगळं दिसायचं. निजामाच्या काळातली पहिली चिठ्ठी, वर उर्दू ओळ, खाली मराठी, मधे उघडं पुस्तक आणि समई. मग तीच चिठ्ठी, पण उर्दू ओळीवर काळी शाई फासलेली. मग नव्या राज्यातली, पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाच्या वर्गणीदारांची निराळी. मग नुसता रबरी शिक्का. मग बारकोड. तेवढ्या चिठ्ठ्यांत गावाच्या तीन पिढ्या मावल्या होत्या.

छबुबाईकडची चिठ्ठी या रांगेत कुठंच बसत नव्हती.

आप्पांना विचारायचं तिनं ठरवलं. आप्पा वाचनालयाचे जुने शिपाई. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी रोज सकाळी पेपर वाचायला येऊन खिडकीजवळच्या बाकावर बसायचे. चाळीस वर्षं त्यांनी मैद्याच्या खळीत किडीसाठी मोरचूद घालून चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. जुन्या चिठ्ठ्यांचे उरलेले गठ्ठे कुठल्या फळीवर आहेत हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. मागच्या दाराची एक किल्ली अजूनही त्यांच्या करदोट्याला होती. म्हणूनच तिचा पहिला संशय त्यांच्यावर गेला.

तिनं मोबाईल त्यांच्यापुढं धरला. आप्पांनी चष्मा पुसला, फोटो बघितला आणि मोबाईल परत दिला.

"ही आपलीच ना, आप्पा?"

"नाव तर आपलंच हाय."

"कुणी चिकटवली?"

"म्या न्हाई."

"मग पुस्तक कुणी नेलं? दाखल नोंदवहीत असलं पुस्तक नाही. किल्ली तुमच्याकडं आणि माझ्याकडं, दोघांकडंच आहे."

आप्पांनी करदोट्याची किल्ली सोडली आणि टेबलावर ठेवली. त्यांना राग आला असेल असं तिला वाटलं, पण चेहरा रागाचा नव्हता.

"ते पुस्तक हाती आलं तर हितं कपाटात घालू नका," ते म्हणाले. "आमी कदी घातलं न्हाई."

"का बरं?"

"सांगितलेलं न्हवतं कुनी. पन घातलं न्हाई."

त्यानंतर ते पेपर घडी घालून उठले. वर्षाराणीला वाटलं, माणूस खोटं बोलत नाहीये, पण पूर्ण सांगतही नाहीये.

३

पुढच्या शुक्रवारी तिनं फेरी उलटी केली. आधी छबुबाई. बारा वाजून पन्नास मिनिटांनी ती वाड्यांपाशी पोचली. जी कोण बाई आपलं नाव घेऊन फिरतेय तिला रंगेहाथ धरायचं, असा तिचा बेत होता.

छबुबाई दारातच उभी होती, एक हात अजून थोडासा पुढं.

"नेलंस की आत्ता," ती म्हणाली.

वर्षाराणीनं रस्त्याकडं पाहिलं. सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना बाभळी. त्याच रस्त्यानं ती आली होती आणि वाटेत तिला एक कुत्रं सोडून काहीही भेटलं नव्हतं.

"मावशी, ती मी नव्हते. कशी होती ती बाई? नीट आठवा."

छबुबाई तिच्याकडं बघत राहिली. त्या बघण्यात पहिल्यांदाच संशय होता. "असं कावून बोलतीस? हेच लुगडं. हीच पिशवी."

वर्षाराणीनं विषय बदलला. पिशवीतून नवं पुस्तक काढलं. छबुबाईला आवडतील अशा गोष्टी होत्या, ठसठशीत टाईप. छबुबाईनं ते घेतलं, उघडलं, बोट पहिल्या ओळीवर ठेवलं. बोट तिथंच राहिलं. ओठ हलले नाहीत.

"डोळ्यांना त्रास होतोय का?"

"डोळे बरे हायत. ती बघ, पल्याड टेकाडावर शेरडं. अकरा हायत. एक करडू आईच्या आड हाय."

वर्षाराणीनं टेकडीकडं पाहिलं. तिला पांढरे ठिपकेसुद्धा धड मोजता येईनात.

"मग काय झालं मावशी?"

छबुबाईनं पुस्तक मिटून तिच्या हातात दिलं. फार जपून, जसं झोपलेलं मूल दुसऱ्याच्या हातात देतात तसं.

"अक्षरं गप झालीत, बाई. सकाळपातूर बोलत हुती."

४

म्हातारपणी असं होतं, असं वर्षाराणीनं स्वतःला सांगितलं. मेंदूत एखादी गाठ, एखादा झटका. सोमवारी ती छबुबाईला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी हात-पाय उचलायला लावले, नाव-गाव विचारलं, डोळ्यांत बॅटरी मारली आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. भिंतीवरच्या तक्त्यातला मोठा 'क' छबुबाईला ओळखता आला नाही. "त्यांना आधीपासून येत होतं ना नक्की?" डॉक्टरांनी विचारलं. छबुबाई खाली बघत राहिली.

त्याच संध्याकाळी शिवशंकरराव वाचनालयात आले. टेबलासमोर बसले, इकडचं तिकडचं बोलले, आणि मग म्हणाले, "वर्षाताई, फेरीच्या वेळा बदलल्यात का?"

"नाही, साहेब."

"दोघातिघांनी सांगितलं, मॅडम भर दुपारी दारात येऊन उभ्या राहतात. हाक मारली तर ओ देत नाहीत. दारावरच्या पाट्या बघत बसतात आणि जातात. घरी काही ताण आहे का?"

"ती मी नाही," वर्षाराणी म्हणाली, आणि म्हणताना ते कसं ऐकू येतंय हे तिला कळलं.

शिवशंकररावांनी मान डोलावली. "ते सोडा. दुसरं एक विचारायचं होतं. जुन्या चिठ्ठ्यांना म्हणे आता पुण्या-मुंबईला गिऱ्हाइकं आहेत. आपली जुनी पुस्तकं दाखल वहीत न नोंदवता बाहेर जात नाहीत ना?"

तिला एकदम ओरडावंसं वाटलं. पण ती एवढंच म्हणाली, "कपाटं मोजून घ्या."

ते गेल्यावर तिनं स्वतःवरही संशय घेऊन पाहिला. शुक्रवारी पावणेएकला आपण कुठं होतो? वाड्यांच्या रस्त्यावर होतो. ते कुणी पाहिलं? कुणीच नाही. स्कूटीवरचा किलोमीटरचा आकडा तिनं हातावर लिहून ठेवायला सुरुवात केली. दोन दिवस आकडा बरोबर जुळला. त्यानं फक्त एवढंच सिद्ध झालं की, जी कोण फिरत होती ती पायी फिरत होती.

५

बुधवारी यादीतल्या बद्रीनाथ गुरुजींच्या सुनेनं, धनश्रीनं, फोन केला. गुरुजींचं पुस्तक वाचून झालंय, दुसरं आणून देता का, असं ती विचारत होती. वर्षाराणीनं गेल्या शुक्रवारी गुरुजींना पुस्तक दिलंच नव्हतं. छबुबाईकडं वेळ गेल्यामुळं निम्मी फेरी राहून गेली होती.

ती तशीच निघाली.

गुरुजी अडतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेले. पडवीत आरामखुर्ची, शेजारी तांब्या-भांडं, आणि स्टुलावर ते काथ्या रंगाचं पुस्तक.

"या ताई. त्या दिवशी फार गंमत केलीत तुम्ही."

"काय केलं मी?"

"दारावरची माझी पाटी वाचलीत. बोट ठेवून. ब... द्री... ना... थ. पहिलीतल्या पोरासारखं. मी आतून म्हटलं, शाब्बास, बसा खाली." गुरुजी हसले. "मग पुस्तक दिलंत आणि न बोलता गेलात."

वर्षाराणीनं पुस्तक उघडलं. चिठ्ठीवर छबुबाईच्या ओळीत 'घेतले'ची तारीख पडली होती. खाली नवी ओळ होती, गुरुजींची. या वेळी अक्षरं चित्रासारखी नव्हती. लिहिलेली होती, वाकडीतिकडी, जोर देऊन. 'ब'च्या पोटातली रेघ बाहेर आलेली. तो 'ब' तिनं सभासद वहीत, छबुबाईच्या नावात, कितीदा तरी पाहिला होता.

तिनं पुस्तक मिटलं. मग विचारलं, "गुरुजी, काय वाचलंत यात?"

"छान आहे," गुरुजी म्हणाले. "म्हणजे... काय होतं बरं."

पुस्तक ती घेऊन आली. कपाटात घालू नका असं आप्पा म्हणाले होते, पण कपाट लोखंडी होतं, त्याला दोन कुलपं होती आणि त्या क्षणी तिचा लोखंडावर जास्त विश्वास होता.

६

शुक्रवारी बारापासून ती आणि आप्पा कपाटासमोर खुर्च्या टाकून बसले. बाहेर उन्हात रस्ता ओस पडला होता. वाचनालयात पंख्याचा आवाज आणि वाऱ्यानं उडणाऱ्या पेपरांची फडफड, एवढंच. पावणेएक झाले. एक झाला. कपाटाच्या आत कसलीही हालचाल नव्हती.

"आप्पा, आता तरी सांगा."

आप्पांनी कपाटावरची नजर काढली नाही. "माज्या आदी म्हाळू म्हनून शिपाई हुता. दारोदार पुस्तकं पोचवायचा. म्या नवा लागलो तवा त्यानं मला असली चिठ्ठी दावली आन इचारलं, ह्यावर काय लिवलंय. म्हनलं, तुमीच वाचा की. तर म्हनला, मला वाचता येत न्हाई."

"मग दारोदार पुस्तकं कशी द्यायचा?"

"आदी येत हुतं त्याला," आप्पा म्हणाले.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. धनश्री होती. "ताई, आज बाबांच्या हातात पुन्हा ते पुस्तक होतं. तुम्ही आत्ता ते घेऊन गेलात ना, तेव्हापासून बाबा असं काय करताहेत?"

वर्षाराणीनं दोन्ही कुलपं काढली. मधल्या फळीवर तिनं स्वतः ठेवलेलं पुस्तक नव्हतं. मागं-पुढं सरकवायला दुसरं काही त्या फळीवर नव्हतंच.

गुरुजी पडवीतच होते. हातात पेपर, ताठ धरलेला. थोड्या थोड्या वेळानं ते पान उलटत होते. लांबून बघणाऱ्याला काहीच वेगळं वाटलं नसतं.

"काय म्हणतोय आजचा पेपर, गुरुजी?"

"रोजचंच," ते म्हणाले. मग पेपर खाली घेतला आणि हळू आवाजात, धनश्रीला ऐकू जाऊ नये असं म्हणाले, "ताई, हे मला वर्गात झालं असतं तर? फळ्यापुढं, पोरांसमोर? देवानं तेवढं तरी राखलं."

धनश्री स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "काय दिलंत तुम्ही त्यांना?" तिनं विचारलं. वर्षाराणीनं चप्पल पायांत सरकवली. ती पायऱ्या उतरेपर्यंत धनश्रीनं दाराला आतून कडी घातली होती.

७

घरी यायला चार वाजले. नवरा रामेश्वर ट्रॅक्टर घेऊन साखर कारखान्यावर गेलेला, हंगाम संपल्याशिवाय येणार नव्हता. घरात मुलगी संस्कृती एकटीच. तिची दहावी, परीक्षा दहा दिवसांवर. ती दाराकडं पाठ करून टेबलाशी वाचत होती आणि तिच्या वहीशेजारी ते काथ्या रंगाचं पुस्तक होतं.

"हे कुणी दिलं?"

"तूच की. दुपारी." संस्कृतीनं मान वर केली. "आई, तू गुरुजींसारखी का बोलत होतीस? आपली पाटी वाचलीस, सगळी, मोठ्यानं, आणि म्हणालीस, 'बाळ, उच्चार स्पष्ट हवा.' मला हसूच आलं. हात पुढं केलास म्हणून घेतलं."

वर्षाराणी खाली बसली. चिठ्ठीवर गुरुजींच्या सुरेख, वळणदार अक्षरात तिच्या मुलीचं पूर्ण नाव होतं. आजची तारीख. पुढचा रकाना कोरा.

त्या संध्याकाळी तिनं पुस्तक चुलीत घालायचा विचार केला, विहिरीत टाकायचा केला, संस्कृतीला मावशीकडं घाटनांदूरला पाठवायचाही केला. पण दोन कुलपांच्या कपाटातून जे जातं ते चुलीतून आणि घाटनांदूरहून जाणार नाही, याची खात्री कुणी द्यायची? संस्कृती डॉक्टर व्हायचं म्हणत होती. दहा दिवसांनी तिला प्रश्नपत्रिका मिळणार होती. वर्षाराणीला त्या वर्गाचं चित्र डोळ्यांसमोर दिसलं, सगळ्या माना खाली घालून लिहिताहेत आणि एक मुलगी कागदाकडं बघत बसलीय.

तिनं चिठ्ठी पुन्हा वाचली. चौदा वर्षं तिनं हेच केलं होतं, नियम वाचायचे आणि त्यांत काय लिहिलंय, काय नाही, ते बघायचं. 'हातातूनच परत घेईल.' कुणाच्या हातातून, ते लिहिलेलं नव्हतं.

तिनं पेन घेतलं. नोंदवहीत चूक झाली की ती करायची तसंच केलं. मुलीच्या नावावर एकच सरळ रेघ मारली. वर स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. शेजारी सही केली, तारीख घातली आणि पिशवीतला वाचनालयाचा शिक्का मारला.

८

पुढच्या शुक्रवारी तिनं रजा टाकली. सकाळपासून ती घरात दिसेल ते वाचत होती. लोणच्याच्या बरणीवरचं लेबल. लाइटचं बिल. कुकरच्या झाकणावरचं कंपनीचं नाव. ट्रंकेतली संस्कृतीची पहिलीची वही, तिच्यातली 'आई' अशी दोन अक्षरं, पान भरून. ती वही तिनं तीनदा वाचली.

साडेबाराला तिनं संस्कृतीला आतल्या खोलीत बसवलं.

"मोठ्यानं वाच. मला बाहेर ऐकू आलं पाहिजे. मी हाक मारेपर्यंत उठायचं नाही."

"आई, काय झालंय?"

"काही नाही. तुझं वाचन ऐकायचंय मला."

संस्कृतीनं इतिहासाचं पुस्तक उघडलं. वर्षाराणीनं मधलं दार ओढून घेतलं, बाहेरच्या दाराला साखळी लावली आणि काथ्या रंगाचं पुस्तक दोन्ही हातांत धरून उभी राहिली. आतून आवाज येत होता. शेती, सिंचन, धरणं, पंचवार्षिक योजना. आवाज अडखळला की तिचं काळीज थांबायचं, पुढं गेला की चालू व्हायचं.

पावणेएकला पायऱ्यांवर पावलं वाजली. थांबली. मग दाराबाहेर कुणीतरी त्यांची पाटी वाचली, शांतपणे, शुद्ध, प्रत्येक जोडाक्षर फोडून. उच्चार गुरुजींचे होते. आवाज तिचा होता.

तिनं साखळी राहील एवढंच दार उघडलं.

फटीतून हिरवी साडी दिसली, तिनं सकाळी नेसलेली. खांद्याला वाचनालयाची पिशवी. चेहरा पाटीकडं वळलेला असल्यामुळं एका बाजूनंच दिसला. तो ओळखीचा होता, पण आरशातल्यासारखा नव्हता. फोटोत दिसतो तसा होता, भांग दुसऱ्या बाजूला. इतकी वर्षं लोकांना आपण अशा दिसतो, एवढाच विचार तिच्या मनात आला.

मग फटीतून हात आत आला, तळवा वर करून.

हात बराच वेळ तसाच होता. आत संस्कृती वाचत होती. वर्षाराणीला वाटलं, हा हात आवाजाच्या दिशेनं थोडा वळलाय. तिनं पुस्तक त्या तळव्यावर ठेवलं. देताना बोटांना बोटं लागली. ती गरम होती, उन्हातून चालत आलेल्या माणसाची असतात तशी.

"माझं नाव आहे त्यात," ती म्हणाली. "माझंच आहे."

बाहेर पुठ्ठा उघडल्याचा आवाज आला. कुणीतरी चिठ्ठी वाचत होतं. मग हात गेला, साडीचा हिरवा रंग गेला आणि पावलं पायऱ्या उतरली.

तिनं साखळी काढून दार पूर्ण उघडलं. रस्त्यावर ऊन होतं. वळून तिनं दारावरच्या पाटीकडं पाहिलं. पितळेचा एक तुकडा, त्यावर कोरलेल्या रेघा, काही गोल, काही उभ्या. कारागिरानं काम छान केलं होतं. ती त्या रेघांवरून बोट फिरवत राहिली, आणि मग तिनं दार लावून घेतलं.

आतल्या खोलीत संस्कृती अजून वाचत होती. न अडखळता, भराभर. वर्षाराणी तिच्या शेजारी जमिनीवर बसली. मुलीच्या मांडीवरच्या पानावर काळ्या मुंग्यांच्या रांगा होत्या, आणि त्या रांगांमधून मुलगी सरळ चालत होती. वर्षाराणीला रडू आलं, आणि त्यात बरंही वाटलं.

"थांबू का, आई?"

"नको. वाच. संपेपर्यंत वाच."

संस्कृती वाचत गेली. उन्हं कलली. खिडकीबाहेर गल्लीत कुणी उभं आहे की नाही, हे वर्षाराणीनं वळून पाहिलं नाही. धड्याच्या मधोमध पान संपलं, वाक्य अर्धं राहिलं, आणि संस्कृतीनं पान उलटायला बोटाला थुंकी लावली.

पान उलटायच्या आधी खिडकीबाहेरून, तिच्या आईच्या आवाजात, कुणीतरी राहिलेलं अर्धं वाक्य वाचून पूर्ण केलं.